पाच लाखांतल्या पन्नास

रक्ततपासणीचा कागद ज्या घरात नाही, असे घर आता आमच्या रायगड जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. क्ष-किरणांचे फोटो, चष्म्याचा नंबर आणि जुनी औषधांची बिले यांच्या सोबतीने तो एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर पडलेला असतो. ताप हटत नाही म्हटले की डॉक्टर ‘सीबीसी करून आणा’ म्हणतात. आपण सकाळी दंड पुढे करतो आणि संध्याकाळी कागद घेऊन येतो. त्यातले हिमोग्लोबिन आपण वाचतो, प्लेटलेट वाचायला डेंग्यूने शिकवले. त्या दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींची पाच नावे आणि त्यांची टक्केवारी असते. न्यूट्रोफिल इतके, लिम्फोसाइट इतके, इओसिनोफिल इतके. ही टक्केवारी कोणी काढली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

पूर्वी ती माणसाने काढलेली असे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून ओळखायच्या. ही अमुक, ही तमुक. आता तालुक्याच्या लॅबमध्येही टेबलावर मावणारे यंत्र असते आणि ते दोन मिनिटांत आकडे छापून देते. या यंत्राचा मूळपुरुष अमेरिकेतला वॉलेस कूल्टर. बारीक भोकातून पेशी एकामागून एक जाऊ द्यायच्या आणि प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला जो धक्का बसतो तो मोजायचा, ही त्याची युक्ती. तिचे पेटंट त्याला १९५३ साली मिळाले. पुढे विजेच्या जोडीला प्रकाश आला, लेसर आले, आणि ‘फ्लो सायटोमेट्री’ नावाची एक स्वतंत्र विद्याच उभी राहिली.

नाव बोजड असले तरी कल्पना सोपी आहे. पाण्याच्या वेगवान धारेच्या मधोमध पेशींची बारीक धार सोडली की गर्दी आपोआप मोडते आणि पेशी एकेरी रांगेने चालू लागतात. मुंबईतल्या माणसांनाही जे सहजी जमत नाही ते इथे पाणी करून दाखवते. त्या रांगेवर आडवा लेसरचा झोत. पेशी झोतातून गेली की समोरच्या बाजूला पडणाऱ्या प्रकाशावरून तिच्या आकाराचा अंदाज येतो, आणि बाजूला उडालेल्या प्रकाशावरून तिच्या पोटात किती दाणे आहेत हे समजते. शिवाय पेशींना आधी रंग लावलेले असतात. पेशीच्या अंगावर निरनिराळी प्रथिने असतात आणि प्रत्येक प्रथिनाला नेमके जाऊन चिकटणारे प्रतिपिंड बनवता येते. त्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दिला की लेसर पडताच पेशी आपल्या अंगावरची चिन्हे उजळून दाखवते. सेकंदाला हजारो पेशी अशा झडती देऊन जातात.

यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाचा आहे. पेशी नुसत्या मोजायच्या नाहीत, निवडून वेगळ्या काढायच्या, हे १९६५ साली लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत मॅक फुलवायलरने करून दाखवले. त्यासाठी त्याने शाईचे थेंब उडवून लिहिणाऱ्या यंत्राची कल्पना उसनी घेतली होती. स्टॅनफर्डचे लिओनार्ड हर्झेनबर्ग सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या पेशी मोजून मोजून कंटाळलेले होते. त्यांनी रंग आणि निवड यांची सांगड घातली. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची, हवी तितकी प्रतिपिंडे बनवण्याची रीत शोधली. १९८४ साली तिला नोबेल मिळाले. मग प्रतिपिंडांचा इतका सुळसुळाट झाला की १९८२ साली पॅरिसला बैठक घेऊन पेशींवरच्या चिन्हांना क्रमांक द्यावे लागले. सीडी-४, सीडी-१०, सीडी-१९ असे ते क्रमांक. (सी. डी. म्हटले की आम्हा रोहेकरांना वेगळेच कोणी आठवते. ज्यांचे लहानपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही झळकली. आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला प्रयोगशाळेच्या अहवालात ओळीने सीडी, सीडी वाचताना गंमत वाटली तर वाचकांनी समजून घ्यावे.)

तर यंत्राने मोजदादीचा प्रश्न सोडवला. ओळख पटवण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. यंत्र काय देते? प्रत्येक पेशीमागे दहा-बारा आकडे. ती पेशी कोण, हे ते सांगत नाही. ते पडद्यासमोर बसलेल्या तज्ज्ञाने ठरवायचे. पडद्यावर ठिपक्यांचे ढग दिसतात. एक ठिपका म्हणजे एक पेशी. आडव्या अक्षावर एक चिन्ह, उभ्या अक्षावर दुसरे. तज्ज्ञ माऊसने एखाद्या ढगाभोवती कुंपण घालतो, कुंपणातल्या पेशी पुढच्या चित्रात नेतो, तिथे पुन्हा कुंपण घालतो. या कामाला ‘गेट टाकणे’ म्हणतात. दहा रंग आणि आकार-दाण्यांचे दोन आकडे मिळून बारा झाले, तर दोन-दोनच्या जोड्या सहासष्ट होतात. सहासष्ट चित्रे आणि त्यांवर हाताने काढलेल्या रेघा. एकविसाव्या शतकातल्या इतक्या महागड्या यंत्राचा निर्णय शेवटी हाताने काढलेल्या रेघेवर येऊन थांबतो, हे मला प्रथम कळले तेव्हा नवल वाटले होते.

प्रश्न ठरलेला असला तर हे काम यंत्राकडून करून घेणे अवघड नसते. एचआयव्हीच्या रुग्णांत सीडी-४ पेशी किती, हा असा ठरलेला प्रश्न. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली आणि २००४ च्या एप्रिलमध्ये देशात सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे सुरू झाली. त्या काळात औषध सुरू करायचे की थांबायचे, हे मुख्यतः सीडी-४ च्या आकड्यावर ठरे. दोनशेची रेघ असे. पुढे ती रेघ वर सरकत गेली आणि २०१७ पासून आकडा कितीही असो, औषध सगळ्यांनाच, असे धोरण झाले. सीडी-४ मोजणाऱ्या छोट्या यंत्रांत गेट टाकायचे काम यंत्रच करी. तिथे ढग ठळक असतो, जागा ठरलेली असते आणि त्याच्यासारखा दिसणारा तोतया जवळपास नसतो. खरी कसोटी लागते ती तोतया असतो तिथे.

तशी एक जागा आमच्याच जिल्ह्यात आहे. खारघर म्हटले की लोकांना नवी मुंबई आठवते, पण ते आहे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडातच. रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पकडायची, पेण मागे टाकून पनवेलला उतरायचे आणि तिथून लोकलने तिसरे स्टेशन. टाटा मेमोरियल सेंटरची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था तिथे आहे. हिची मुळे जुनी. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने कर्करोग संशोधनाची स्वतंत्र संस्था झाली. तीच संस्था २००२ साली परळची गर्दी सोडून खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी आली. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीकडे बघून रोग ओळखणाऱ्यांची परंपरा अशी रायगडात येऊन पोचली.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया नावाचा. ऐकून छातीत धस्स होते, पण हा आजार आज पुष्कळ मुलांत पूर्ण बरा होतो. उपचाराचा पहिला टप्पा साधारण महिना-सव्वा महिन्याचा असतो. तो संपला की मुलाच्या कमरेच्या हाडातून मगज काढून तपासतात. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा रोगट पेशी दिसत नाहीत. पण दिसत नाहीत याचा अर्थ नाहीत असा होत नाही. तेव्हा तोच मगज फ्लो सायटोमीटरमधून जातो. दहा हजार पेशींत एक रोगट पेशी, ही जगभर मानली गेलेली रेघ आहे. रेघेच्या खाली असाल तर ठरलेला उपचार, वर असाल तर अधिक कडक. पाच लाख पेशी मोजल्या तर दहा हजारांत एक म्हणजे फक्त पन्नास. त्या पन्नास पेशी कोणी ओळखल्या आणि बरोबर ओळखल्या का, यावर त्या मुलाची पुढची दोन-तीन वर्षे ठरतात. पन्नास नजरेतून सुटल्या तर आजार उलटण्याचा धोका, आणि नसलेल्या पन्नास दिसल्या तर कोवळ्या शरीरावर गरज नसलेल्या विषारी औषधांचा मारा.

तोतयाचे प्रकरण इथे येते. औषधांनी झोडपलेला मगज सावरू लागला की त्यात नव्या, निरोगी, कोवळ्या पेशी भराभर उगवतात. त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. अंगावरची चिन्हे जवळजवळ तीच, आकार जवळजवळ तोच. म्हणजे मूल बरे होत असल्याची खूण आणि आजार शिल्लक असल्याची खूण एकमेकींसारख्या दिसतात. शेतातल्या माणसाला हे नवीन नाही. भाताच्या खाचरात भातासारखेच दिसणारे तण उगवते आणि नवखा माणूस भातच उपटून बसतो. फरक इतकाच की निरोगी कोवळी पेशी वाढताना एका ठरलेल्या वाटेने जाते. एक चिन्ह कमी होते, दुसरे वाढते, सगळ्यांचा माग एकच. रोगट पेशी त्या वाटेवरून जरा बाजूला पडलेली असते. ते ‘जरा’ ओळखायला वर्षे लागतात. खारघरच्या प्रयोगशाळेत डॉ. प्रशांत टेंभरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच काम केले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ६२२ रुग्ण होते, आणि दहा रंगांच्या चाचणीने दहा लाख पेशींत दोन इतक्या विरळ प्रमाणापर्यंत पोचता येते, असे त्यात दाखवले आहे. दहा लाखांत दोन! आमच्या बँकेत नोटा मोजणाऱ्या कॅशियरला असा आकडा सांगितला असता तर त्याने रजेचा अर्ज दिला असता.

ही नजर येते कुठून, हा माझ्या आवडीचा विषय आहे. आमच्या शाखेत नमुना सह्यांची कार्डे असत. विड्रॉवल आला की सही कार्डाशी ताडून पाहायची. एका वृद्ध बाईंचा फॉर्म एकदा नव्या कारकुनाने परत केला. कार्डावरची सही ताठ, फॉर्मवरची थरथरती. आमचे पासिंग ऑफिसर उठून काउंटरवर आले, फॉर्म पाहिला आणि पास करून टाकला. नंतर त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, ‘हात थरथरतो, पण वळण थरथरत नाही.’ पुढे त्यांनी आणखी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. त्यांना दिसत होते, सांगता येत नव्हते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी करणारे कारागीर असतात, त्यांचेही तेच. साचा कोणीही भरील, अंगाचा रंग शिकाऊ पोरगा देईल, पण आखणीला ठरावीक हातच लागतात. बुबुळ कुठे ठेवायचे याचे माप विचारा, तर ते हसतात. हजारो मूर्ती पाहून आणि करून ते माप हातात आलेले असते. नियम म्हणून ते कधी कागदावर उतरलेले नसते.

आता जी गोष्ट जाणकाराला स्वतःलाच सांगता येत नाही, ती यंत्राला कशी सांगणार? साध्या संगणकाला नियम लागतात. अमुक आकडा अमुकपेक्षा मोठा असेल तर असे, नाही तर तसे. न्यूरल नेटवर्कची, म्हणजे चेतापेशींच्या जाळ्याची, कल्पना इथेच वेगळी पडते. त्याला नियम सांगायचेच नाहीत, उदाहरणे दाखवायची. एका बाजूने पेशीचे बारा आकडे आत जातात. आत साध्या गणिती गाठींचे थर असतात आणि गाठींना जोडणाऱ्या दोऱ्यांना वजने असतात. दुसऱ्या बाजूने उत्तर येते, ‘रोगट’ किंवा ‘निरोगी’. सुरुवातीला उत्तर अगदीच अंदाजपंचे. मग तज्ज्ञाने आधी लावून ठेवलेल्या नावाशी ते ताडायचे, जितके चुकले असेल तितकी वजने थोडी थोडी हलवायची आणि पुढची पेशी द्यायची. असे लाखो वेळा केले की जाळ्यात कुठेतरी ते ‘वळण’ उतरते. कुठे, हे जाळ्यालाही सांगता येत नाही. आमच्या पासिंग ऑफिसरांशी त्याचे इथे चांगले जमले असते.

ही कल्पना काल-परवाची नाही. मॅककलॉक आणि पिट्स यांचा निबंध १९४३ चा, आणि चुकीवरून वजने मागे मागे सुधारत नेण्याची रीत १९८६ पासून सर्वतोमुखी झाली. तिच्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या जेफ्री हिंटन यांना जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. फ्लो सायटोमेट्रीत मात्र जाळ्याचा प्रवेश झाला तो रुग्णालयाच्या दारातून नव्हे, समुद्रातून! १९८९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी समुद्राच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या जाती ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरले. पुढे नव्वदच्या दशकात कार्डिफच्या लिन बॉडी आणि त्यांच्या गटाने तेच काम नेटाने वाढवले. वनस्पतींना स्वतःचा उजाळा असतो, वेगळे रंग लावावे लागत नाहीत, आणि एखादी ओळखायची चुकली तर कोणाचे मूल आजारी पडत नाही. शिकायला जागा चांगली होती.

माणसाच्या पेशींकडे वळल्यावर पहिला प्रश्न आला तो हिशेबतपासणीचा. प्रत्येक जण आपला संगणक सर्वोत्तम म्हणणार. तेव्हा अनेक गटांना तेच नमुने देऊन, तज्ज्ञांच्या कुंपणांशी त्यांची उत्तरे ताडून पाहण्याचा एक मोठा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. बऱ्याच पद्धती माणसाच्या जवळपास पोचल्या होत्या, पण सगळ्यांची उत्तरे एकत्र करून काढलेले उत्तर कोणत्याही एकट्यापेक्षा सरस ठरले. कर्ज-समितीत बसलेल्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. २०१५ साली बेल्जियममधल्या घेंटच्या संशोधकांनी, कोणी न शिकवताच सारख्या पेशींची आपोआप मांडणी करणारे जाळे आणले. घरातली म्हातारी सुपातले कडवे वाल निवडताना न बोलता किडके, लहान, मोठे असे ढीग करते, तसे हे. २०१७ साली झुरिकहून आलेल्या जाळ्याला कुठली पेशी रोगट हे सांगावेच लागत नव्हते. नमुना आजाऱ्याचा की निरोग्याचा एवढे सांगितले की दोहोंत फरक पाडणाऱ्या विरळ पेशी ते स्वतः हुडके. आणि २०२० साली म्युनिकच्या एका प्रयोगशाळेतल्या वीस हजारांहून अधिक जुन्या नमुन्यांवर शिकवलेले जाळे लिम्फोमाच्या निरनिराळ्या जाती तज्ज्ञांच्या तोडीने ओळखू लागले.

हे वाचून उत्साह वाटतो, आणि वाटावा. जाणकार नजरा थोड्या आहेत आणि त्या मोठ्या शहरांत आहेत. एक गुंतागुंतीची फाइल पाहायला तज्ज्ञाचा बराच वेळ जातो, आणि फाइल पाहून होईपर्यंत एक आई धर्मशाळेत बसलेली असते. निवडीचा पहिला हात यंत्राने फिरवला आणि तज्ज्ञापुढे शंकेच्या तेवढ्याच पेशी ठेवल्या, तर एका नजरेत अधिक मुले बसतील. हा लाभ कमी लेखण्यासारखा नाही. यंत्र आले म्हणजे माणूस गेला, असा ओरडा आम्ही बँकेतही ऐकला आहे. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर खातेवह्यांची जागा यंत्रे घेऊ लागली, तेव्हा दारावर घोषणा झाल्या. माणसे राहिली. काम बदलले.

पण बँकेतल्या माणसाला हिशेबाची खोडी लागलेली असते, म्हणून काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पहिली टक्केवारीची. दहा हजारांत एक रोगट पेशी असेल, आणि डोळे मिटून प्रत्येक पेशीला ‘निरोगी’ म्हणणारे यंत्र असेल, तर ते ९९.९९ टक्के वेळा बरोबर ठरते. त्याची अचूकता जाहिरातीत छापता येईल. उपयोग शून्य. म्हणून ‘आमचे यंत्र ९९ टक्के अचूक’ असे कोणी म्हटले की उरलेल्या एकात काय आहे, हे विचारायचे.

दुसरी बदलीची. एका शाखेत दहा वर्षे काढलेला अधिकारी तिथल्या सह्या कार्ड न पाहता ओळखतो. त्याला दुसऱ्या गावी बदली करून टाकले की सहा महिने कार्डावाचून पान हलत नाही. जाळ्याचेही तसेच. एका प्रयोगशाळेचे लेसर, रंग, यंत्राची जुळणी यांवर शिकलेले जाळे दुसरीकडे नेले की ढग थोडे सरकलेले असतात. माणूस ‘आज यंत्र जरा वर दाखवते आहे’ म्हणून मनातल्या मनात रेघ सरकवतो. जाळ्याला ते वेगळे शिकवावे लागते. त्यात आपले हवामान. नमुना जितका शिळा आणि तापलेला, तितक्या मेलेल्या पेशी जास्त, आणि मेलेली पेशी भलभलती प्रतिपिंडे अंगाला चिकटवून घेते. मे महिन्यात रोह्याहून निघालेली नळी आणि म्युनिकमध्ये हिवाळ्यात एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेलेली नळी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्या मुलांचे नमुने आपल्या यंत्रांवर, आपल्या उन्हाळ्यासकट, जाळ्याला दाखवल्याशिवाय ते इथे कामाला लावता येणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जाळे ज्या नावांवर शिकले ती नावे कोणी लावली? दोन जाणकारांना एकच फाइल दिली तर ठळक ढगांबद्दल त्यांचे एकमत होते, काठावरच्या पेशींबद्दल होतेच असे नाही. मग जाळे एकाच्या सवयी शिकते आणि त्या सवयी शंभर ठिकाणी पोचवते. कादंबरी लिहिणाऱ्याला हे चटकन समजते. आपण एका माणसाच्या डोळ्यांनी जग दाखवतो आणि वाचक ते जगच मानतो. एका तज्ज्ञाचा कल त्याच्या खोलीपुरता राहतो, शेजारचा दुसरा तज्ज्ञ त्याला टोकतो. सगळीकडे एकच जाळे बसले तर टोकणारा राहत नाही.

आणि मग सहीचा प्रश्न. पॅथॉलॉजीच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात मान्य केले. यंत्राने निवडलेल्या पेशींवरही सही माणसाचीच होणार. ती सही करणाऱ्याने सहासष्ट चित्रे उघडून पाहायची, की यंत्राने खाली लिहिलेला आकडा पाहून कोंबडा मारायचा? बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, ही रीत फार जुनी. तिच्यातली मेख सगळ्यांना ठाऊक असते. पहिला माणूस वर्षानुवर्षे बरोबर निघाला की दुसरा तपासायचे सोडून देतो. पहिल्याच्या जागी न थकणारे यंत्र आले की दुसऱ्याची झोप अधिकच गाढ होते. शिवाय नवीन डॉक्टरची नजर तयार होते ती सोप्या फायली पाहून पाहूनच. सोप्या सगळ्या यंत्राने उचलल्या, तर अवघड फाइल ओळखणारा पुढच्या पिढीत कुठून यायचा? पेणच्या कारखानदाराला विचारा. आखणीचा हात तयार व्हायला आधी पुष्कळ साधे रंगकाम करावे लागते.

बँकेत संगणक आले तेव्हा काही महिने दुहेरी काम चाले. दिवसभर खातेवहीही लिहायची आणि यंत्रातही भरायचे, संध्याकाळी दोन्हींच्या बेरजा ताडायच्या. जुळल्याशिवाय घरी जायचे नाही. जाळ्यासाठी अशी दुहेरी तपासणी करायला प्रयोगशाळांकडे एक सोय आहे जी आम्हाला नव्हती. फ्लो सायटोमीटरचे आकडे साठवण्याची एक समान पद्धत १९८४ सालीच ठरली, म्हणून वर्षांपूर्वीचा नमुना नळीतून केव्हाच ओतून दिलेला असला तरी त्याची प्रत्येक पेशी फायलीत जशीच्या तशी राहते आणि पुन्हा नव्याने पाहता येते. त्या फायलींतल्या मुलांचे पुढे काय झाले, हेही एव्हाना नोंदलेले असते. काहींचा आजार उलटला. पुष्कळ जण आता दहावी-बारावीला पोचले असतील. अशी फाइल घ्यायची, तज्ज्ञाने तेव्हा टाकलेली कुंपणे झाकून ती जाळ्यापुढे ठेवायची, त्याचे उत्तर लिहून घ्यायचे, आणि मग त्या मुलाच्या केसपेपरचे शेवटचे पान उघडायचे.